ओकुदा-सानचा हरवलेला आवाज

"टेप बदललेली नाही. आवाज बदललाय," जाई म्हणाली आणि खुर्चीत बसली.

तांजोंग पगारच्या एका शॉपहाऊसमध्ये, खाली दुकान आणि वरच्या मजल्यावर हिराचं ऑफिस होतं. खासगी तपासाचं. तिचा मामेभाऊ उत्तम सुट्टी असली की तिथे येऊन बसायचा. तो तुआसच्या एका कारखान्यात खरेदी बघायचा आणि ताईच्या केसेसमध्ये फुकट डोकं घालायचा.

जाई बँकेत नोकरीला होती. तिच्यासोबत आलेल्या सत्तरीकडे झुकलेल्या बाई तिच्या सासूबाई. ओकुदा-सान. पांढरे केस, ताठ पाठ.

"या ओसाकाच्या. तरुणपणी हागुरुमा बँडमध्ये गायच्या," जाईनं सांगितलं. "हार्डकोअर पंक."

उत्तमनं सासूबाईंकडे नीट पाहिलं. "म्हणजे ते... आरडाओरडा?"

"ओरडायचेच," ओकुदा-सान इंग्रजीत म्हणाल्या. "बेंबीच्या देठापासून."

गोष्ट अशी होती. बँडची पहिली गायिका ओकुदा-सान. लग्नासाठी घरच्यांनी त्यांना बँडमधून ओढून काढलं. मग कुरोदा आला, बँड गाजला, आणि पहिल्यापासून तोच गायचा असं सगळीकडे छापून आलं. आता इथलाच रेकॉर्ड-संग्राहक शैलेंद्र बँडचा इतिहास पुस्तकात आणत होता. पुस्तकासोबत कुशल नावाचा मुलगा बँडची पहिली रेकॉर्ड नव्यानं काढणार होता. तिच्यावर नाव कुणाचं, ते उद्या छापायला जाणार होतं.

"माझ्याकडे पहिल्या तालमीची स्पूलची टेप होती," ओकुदा-सान म्हणाल्या. "मशीन नव्हतं, म्हणून चाळीस वर्षं ऐकली नाही. रविवारी शैलेंद्रच्या घरी लावली. त्यात पुरुष गात होता."

"टेप आधी कुणाकडे दिली होती?" हिरानं विचारलं.

"कुणाकडेच नाही. डब्याला माझ्या हातचं सील होतं. मीच फोडलं, मशीनवर मीच चढवली."

"टेप संपली तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की..." ओकुदा-साननी वाक्य सोडून दिलं. "मला मोठं व्हायचं नाही. पण मी तिथे होते."

त्या गेल्यावर उत्तमनं डोकं खाजवलं. "ताई, चाळीस वर्षांत म्हातारीचा गोंधळ झाला असेल गं. तिनंच चुकीची टेप जपली."

"असेल. नसेलही. चल, कुशलकडे."

कुशल ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, लक्साच्या शेवया ओरपत होता. आई-बाबा पुण्याचे, हा इथेच वाढलेला, त्यामुळे बोलण्यात इथलं मोडकंतोडकं इंग्रजी.

"माझं कुणाशी वैर नाही, लाह," तो म्हणाला. "आंटींचा आवाज असता तर मी त्यांचंच नाव टाकलं असतं. पण ऑल हर्ड इट. पुरुषच गात होता."

"गाणं कसं होतं?"

"खरं सांगू? बोअर. हागुरुमा ओळखले जातात सुसाट वाजवण्यासाठी. हे म्हणजे जेवून झोपेत वाजवल्यासारखं. गिटारचा सूरपण खाली उतरलेला. म्हटलं, पहिलीच तालीम, शिकत असतील."

"उद्यापर्यंत थांबशील?"

"उद्या संध्याकाळपर्यंत. कॅन. त्यापुढे नॉट कॅन."

तिथून चालतच दोघं शैलेंद्रच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर गेले. वाटेत उत्तमचं रडगाणं चालू होतं. "कारखान्यासाठी ओसाकाहून एक जुना सरकता पट्टा स्वस्तात घेतला, ताई. ट्रान्सफॉर्मर जोडला, सगळं केलं, तरी गोगलगाय. साहेब माझ्यावरच डाफरतात. आता मोटर काय मी ढकलू?"

"हं," हिरा म्हणाली.

शैलेंद्रनं आदरानं आत घेतलं. हॉलभर रेकॉर्ड्स. भिंतीजवळ एक मोठं युरोपियन स्पूल मशीन, त्याला जोडलेल्या हेडफोनच्या गाद्या झिजून फाटलेल्या. जमिनीवर दुसरं मशीन, शेजारी ट्रान्सफॉर्मर. वर काचेच्या फळीवर धूळ, आणि धुळीत मधोमध एक स्वच्छ चौकोन.

"बाईंची टेप यावर लावली?" हिरानं खालच्या मशीनकडे बोट दाखवलं.

"हो. त्याच काळातलं, ओसाकाचंच. म्हटलं, तिथली टेप तिथल्याच मशीनवर वाजावी. मान असतो ना एक."

"पुस्तक झालं का लिहून?"

"छापूनही आलं. तीन वर्षं घातली त्यात. कुरोदा-सान गेले त्याआधी मला घरी ठेवून घेतलं होतं, सगळं सांगितलं. ओकुदा-सान भल्या बाई आहेत, पण आठवणी अशाच असतात. मनात तयार होतात."

"खरंय. तुमची एखादी आवडती टेप ऐकवा ना. यावरच."

शैलेंद्र उठला. एक डबा काढला, आणि युरोपियन मशीनकडे वळला. "त्या मशीनचा पट्टा जुना झालाय. टेप चघळली तर परत मिळायची नाही."

बाहेर आल्यावर हिरा कधी नव्हे ते हसली. "उत्तम, उद्या सगळ्यांना इथेच बोलाव. बाईंना टेप आणायला सांग."

"सापडला कोण?"

"तूच शोधून दिलास. तुझा पट्टा."

"माझा?" उत्तमनं स्वतःच्या कमरेकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे त्या हॉलमध्ये जमले. हिरा उभीच राहिली.

"सील बाईंचं, टेप चढवली बाईंनी. म्हणजे टेप खरी. मग टेप आणि आपला कान यांच्यामध्ये राहतं काय? मशीन. ओसाकाची वीज सेकंदाला साठ वेळा मागेपुढे होते, आपली पन्नास वेळा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो. हा ताल बदलत नाही. अशी जुनी मोटर त्या तालावरच फिरते, म्हणून इथे ती मंद पडते. उत्तमचा पट्टा पडलाय तशीच. टेप मंद फिरली की आवाज जाड होतो, गाणं रेंगाळतं, गिटार उतरते. कुशल, हे सगळं तूच सांगितलंस मला."

कुशलचं तोंड उघडंच राहिलं. "वा लाऊ."

"ही चूक असू शकते," शैलेंद्र शांतपणे म्हणाला.

"असू शकली असती. पण ते मशीन शोभेचं होतं. फळीवर धुळीत त्याची जागा अजून दिसतेय. रोजचं मशीन शेजारी तयार असताना तुम्ही ते मुद्दाम खाली उतरवलंत. आणि काल स्वतःची टेप त्यावर लावली नाहीत. पट्टा चघळेल म्हणालात. मग बाईंची एकुलती एक टेप कशी लावलीत?"

शैलेंद्रनं जमिनीवरच्या मशीनची वायर काढून टाकली.

"तिच्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण त्यांचा आवाज निघाला असता तर माझं पहिलंच प्रकरण खोटं ठरलं असतं. मला फक्त शंका उरायला हवी होती."

"माझ्या सासूबाईंना खोटं पाडून?" जाई ताडकन उठली.

ओकुदा-साननी तिला हातानं खाली बसवलं. मग स्वतः उठल्या आणि टेप युरोपियन मशीनवर चढवली.

ड्रम फुटले. गिटार किंचाळली. आणि एका विशीतल्या मुलीचा आवाज हॉलमध्ये घुसला. टोकदार, रागावलेला, श्वास न घेणारा. उत्तम दचकून मागे सरकला. कुशल डोकं हलवायला लागला आणि थांबेचना.

गाणं पटकन संपलं. टेपवर ती मुलगी धापा टाकत हसली.

"नाव टाकतो, आंटी," कुशल म्हणाला. "फक्त तुमचं. कुरोदाचं काढून."

"काढायचं नाही." ओकुदा-सानचा आवाज चढला. "तो नंतर आला, आणि माझ्यापेक्षा चांगला ओरडला. दोघांचं टाक. माझं आधी."

मग त्यांनी टेबलावरचं छापलेलं पुस्तक उचललं आणि शैलेंद्रसमोर ठेवलं. शैलेंद्रची मान खालीच होती.

"मी परत छापतो," तो पुटपुटला. "माफी मागतो."

"माफी नंतर. आधी पेन घ्या." त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "पहिल्या पानापासून सुरू करू. तालमीची खोली एका मासेवाल्याच्या दुकानावर होती. लिहा."