गिफ्ट डीडवरचा अंगठा

सरलाबाईंनी पदराआडून कागद काढून नूतनसमोर ठेवला. नवरा चिंधा जाऊन आठ दिवस झाले होते, आणि पुतण्या धर्मेंद्र उद्या त्यांच्या कडोदऱ्याच्या खोलीला कुलूप ठोकणार होता.

"पोरी, मी आते कोठे जाऊ?"

कागदाच्या माथ्यावर इंग्रजीत ‘गिफ्ट डीड’ टाइप केलेलं; चिंधानं खोली धर्मेंद्रला बक्षीस दिल्याचं. तारीख महिन्यापूर्वीची. खाली चिंधाचा अंगठा, शेजारच्या भिकनची साक्ष.

नूतन पूर्वी सुरतेत वकिलाकडे टाइपिस्ट होती, आता खासगी तपास करी. तिच्यासोबत असणारे भगवानमामा म्हणाले, "नोंदणी नाही. कोर्टात उडेल."

"वस्तीत उडणार नाही, मामा. वस्ती गेलेल्याची इच्छा पाळते."

चिंधाचं काम काय, हे तिनं विचारलं. यंत्रमागावरचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, बदलला की सुताच्या नव्या-जुन्या तारांची टोकं राखेच्या चिमटीत पिळून सांधायची. तीस वर्षं तेच. बँकेत चार वेळा अंगठा घेतला होता, असंही बाई सांगत होत्या. मामांना ते रडगाणं वाटलं. नूतननं पासबुक मागून घेतलं.

भिकन कारखान्याच्या दारात भेटला. अंगठा आपल्यासमोर दिला, एवढंच तो घोकत राहिला. नजर मात्र जमिनीवर.

धर्मेंद्रनं उलट चहा मागवला. कप घेताना त्याच्या डाव्या अंगठ्यावरची जुनी तिरकी खोक मामांनीही पाहिली. काका स्वतः म्हणाले होते, तो सांगू लागला, मी गेल्यावर खोली तुझी.

"तुम्ही तेव्हा चावी घेतली?" नूतननं विचारलं.

"ते असताना कशी घेणार?"

संध्याकाळी खोलीपुढे शेजारी जमले. सरलाबाई उंबरा अडवून बसल्या होत्या.

नूतन शाळेत शिकवावं तशी सावकाश बोलली. "गिफ्ट डीड म्हणजे जिवंत माणसानं आजच दिलेलं, आणि घेणाऱ्यानं त्याच्या हयातीत स्वीकारलेलं. ‘मी गेल्यावर तुझं’ हे मृत्युपत्र झालं. कागदात लिहिलंय, ताबा दिला, चावी घेतली. धर्मेंद्रभाऊ म्हणतात, घेतलीच नाही. म्हणजे कागदात काय आहे हे त्यांनाच ठाऊक नाही."

"अंगठा तर काकांचाच ना?" धर्मेंद्र गुरकावला.

तिनं पासबुक उघडून कागदाशेजारी धरलं. कागदावर एकेक रेघ मोजता यावी इतकी स्वच्छ होती, आणि त्यांना छेदत एक तिरकी खोक. पासबुकात चिंधाच्या अंगठ्याच्या जागी नुसता काळा डाग.

"तीस वर्षं राखेत तारा पिळून चिंधाकाकांच्या बोटावर रेघच उरली नव्हती. बँकेनं चार वेळा अंगठा घेऊन बघितलं, रेघ उमटली नाही. तिरकी खोक कुणाच्या अंगठ्यावर आहे?"

धर्मेंद्रनं डावी मूठ मिटली. भिकन मागच्या मागे सरकू लागला. शेजाऱ्यांनी वाट दिली नाही.

सरलाबाईंनी पासबुक ओढून घेतलं. त्या काळ्या डागावरून बोट फिरवत म्हणाल्या, "हाऊ मना मालकना अंगठा."

मग उठल्या, आत गेल्या आणि चूल पेटवली.