तिसरी आणि सहावी तार

ऐक ना. मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक.

बालाघाटला मामाकडे संघमित्राची सुट्टी चालली होती. आई बैहरला ड्युटीवर, राजेंद्रमामा दिवसभर दुकानात आणि मंजुषामामी घरात असून नसल्यासारखी. तिचे यजमान, थोरले पुनाराममामा, गेल्यापासून ती कुणाशी धड बोलतच नव्हती. मग संघमित्रानं करावं काय?

मागच्या खोलीत पुनाराममामांची स्टील गिटार होती. उकव्याच्या खाणीत वर्कशॉपला असताना त्यांनी स्वतः बनवलेली. टेबलासारखी आडवी, दहा तारा, खाली लोखंडी स्टँड आणि पायडल. डाव्या हातातला गुळगुळीत रूळ तारांवरून सरकवायचा आणि सूर घुमत असतानाच पायडल दाबायचं. की तार वर चढते, जणू लांबून कुणी हाक मारतंय. मोबाईलवर बघून बघून ती एकटीच शिकत होती.

पण रोज तीच गडबड. सकाळी मोबाईलमधल्या सूर जुळवायच्या ॲपवर हिरवा दिवा येईपर्यंत एकेक तार जुळवायची, दुपारी शेजारच्या पवनकडे खेळायला जायचं आणि परत येऊन बघते तर तिसरी आणि सहावी उतरलेली.

"खुंट्या घसरून राह्यल्या," राजेंद्रमामा म्हणाला. "भंगार झालं ते. रविवारी वेल्डिंगवाल्याले बोलावतो. स्टँड कापून कूलरले लावू."

गिटार गेली तर या घरात संघमित्राशी बोलणार कोण?

पवन भिंतीवर बसून आंबा चोखत होता.

"तुह्या मामाचं डोकं चालत नाही," तो म्हणाला.

"मामाले काई बोलू नको."

"बरं, माफ कर दे. पन सोच ना. खुंट्या घसरल्या तर दाही घसरतीन. दोनच काहून? अन् रोज तेवढ्याच?"

"म्हंजे कोनी उतरवते?"

"हौ. भूत असन. सुरात कच्चं भूत."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी काजळाची डबी घेतली आणि त्या दोन खुंट्यांना मागून काजळ फासलं.

त्या दिवशी खेळून परतताना पवनही तिच्याबरोबर आला आणि जेवायलाच थांबला. मामी भात वाढायला वाकली. तिच्या अंगठ्याच्या रेषांत काळं! पवननं कोपर मारलं. संघमित्रा ताटात बघत राहिली.

पवन घरी गेल्यावर ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. "मामी, तुमी तारा काहून उतरवता?"

मामीनं हातातलं भांडं उपडं ठेवलं.

"मोबाईल एकेका तारेले पारखते," मग ती म्हणाली. "पन तारा एकट्या कुठं वाजतात? संगं वाजल्या का तिसरीनं अन् सहावीनं थोडं नमतं घ्या लागते. नाहीतर टोचते. मले इथवर टोचत होतं."

"तुमाले कसं समजते?"

"तारा मीच लावून द्यायची ना. खाणीतल्या मशिनीनं तुह्या पुनाराममामाचे कान गेलते. तो वाजवायचा. लोक म्हनत, पुनारामचा काय कान आहे. तो माह्याकडे पाहून हसायचा."

"मग राजेंद्रमामाले सांगा ना. नाहीतर तो कापून टाकन."

"नको बाई. तेवढंच तर नाव उरलं त्याचं. तू बी सांगू नको."

रविवारी वेल्डिंगवाला आला. शेजारीपाजारीही जमले. संघमित्रा गिटारसमोर जाऊन बसली.

"थांबा. खुंट्या चांगल्या आहेत. मीच उतरवत होते."

"काहून?" मामानं विचारलं.

मोबाईलनं जुळवलेल्या तारा तिनं आधी तशाच एकत्र छेडल्या. कुसळासारखं काहीतरी बोचलं. मग तिसरी आणि सहावी केसभर खाली घेतली, पुन्हा छेडल्या आणि हळूच पायडल दाबलं. सूर तरंगत वर गेला. वेल्डिंगवाल्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"हा तर दादाचा सूर आहे," मामा म्हणाला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा रे भाऊ, काई कापायचं नाही. पाहा, पोरीनं दादाचाच कान घेतला!"

सगळे वाहवा करत होते. पवन कानाशी येऊन पुटपुटला, "खोटं काहून बोलली बे?" त्यालाही सांगता येईना. दारात मामी उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत गेली. आत नळ सुरू झाला.

सांगावं, तर पुनाराममामांचं नाव जातं. सांगू नये, तर मामी तिथं ओट्यापाशी एकटीच.

आता बोल. तू काय केलं असतंस?