सहा आठवडे, एका पायावर

शेवटचा साधा दिवस कुरबुरीतच गेला. बाबा सुतार, तिच्या कुबड्या त्यांनी स्वतः बनवल्या होत्या, आणि फिजिओथेरपिस्ट त्या तिच्या काखेशी लावून बघत होता.

“काका, उंच झाल्यात. रुततायत.”

“चाळीस वर्षं मापं घेतोय मी.”

“लाकडाची. लाकूड दुखतंय म्हणत नाही…” तो थबकला. “तशी तुमची मुलगीही म्हणत नाही.”

तिने वर पाहिलं. तो फक्त डोळ्यांनी हसत होता. ओळख पाच मिनिटांची, आणि याला कसं कळलं?

तिच्या खुब्यातलं हाड रक्त न पोचल्याने मरत होतं. दोन दिवसांपूर्वी तिच्याच कमरेच्या हाडातून मगज काढून, त्यातल्या पेशी खुब्यात सोडल्या होत्या. रुजतील, न रुजतील. सहा आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

चौथ्या दिवशी ती व्यायामाला हजर.

“आज नसता आलात तरी चाललं असतं,” तो हळूच म्हणाला.

“बाबांना नसतं चाललं. सांगा, काय करू?”

मग रोजच.

“पाय उचला. दहा वेळा.”

“झाले.”

“नऊच. मी मोजतोय.”

“तुम्ही माझ्याकडे बघत होता. मोजत नव्हता.”

तो कानापर्यंत लाल झाला. “मग… अकरा करा.”

सहा आठवडे झाल्यावर एक्स-रे आला. हाड खचलं नव्हतं; पायावर वजन टाकायला परवानगी मिळाली. त्याच दिवशी त्याने तिची फाइल शेजारच्या टेबलावरच्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे दिली.

“माझं काही चुकलं?”

“नाही. पेशंटला चहाला विचारता येत नाही. आता तुम्ही माझ्या पेशंट नाही.”

“खुबा टिकेलच असं नाही,” ती म्हणाली.

“मी खुब्याला विचारत नाहीये.”

तिच्या घरात असलं काही कुणी बोलत नसे. बाबा तिची खुर्ची दुरुस्त करत, ती त्यांचे शर्ट इस्त्री करी, झालं. त्या शेवटच्या रात्रीही ती एवढंच म्हणाली होती — दिवा बंद करा.

तिने चालण्याच्या सरावाची दांडी घट्ट धरली, तो पाय टेकवला आणि वजन टाकलं. दुखलं.

“दुखतंय,” ती म्हणाली. मग आवाज सावरून, “माझा बाबांवर फार जीव होता. कधी बोलले नाही… आणि तुमच्यावर जडलाय. हे मात्र आजच सांगते.”