स्फुरदाचं पाणी

आमच्या रसायनांच्या कोठीत दोन हट्टी जीव आहेत. सोडियमला पाणी सोसत नाही म्हणून तो रॉकेलमध्ये राहतो, आणि फॉस्फरसला हवा सोसत नाही म्हणून तो पाण्यात. मुलांना मी सांगते, बाबांनो, एवढी अदलाबदल तेवढी करू नका, बाकीचं मी निस्तरते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. बरणीवर सरांनी 'पांढरा फॉस्फरस' अशी चिठ्ठी लावलीय. मी मनात त्याला स्फुरद म्हणते. खताच्या पोत्यावर त्याचं तेच नाव असतं आणि मला ते फार आवडतं. मनात एखादी ओळ आली की आपण 'स्फुरली' म्हणतो, तोच हा शब्द. आपल्या हाडांत आणि दातांत तो आहे, दुधात आहे, रुजणाऱ्या बीच्या पोटात आहे. काड्यापेटीच्या खरखरीत कडेवर त्याचा लाल, शांत भाऊ बसलेला असतो. खडकात असो की हाडात, निसर्गात तो कधी एकटा सापडत नाही. कुणाचा तरी हात धरूनच असतो. एकटा हवेत आला की तो अंधारात फिकट हिरवा उजळतो, आणि मग पेटतो. माणसाने त्याला ओढून एकटं काढलं, आणि तेव्हापासून कुणीतरी त्याच्यावर पाणी राखत बसावं लागतं. हे काम माझ्याकडे आलं, ही देवाचीच कृपा म्हणायची. कोठीत मी चपला काढूनच जाते.

माझे नेम साधे आहेत. घरात लसूण येत नाही. पहाटेपासून कामाला निघेपर्यंत मौन असतं. सुटीत मी दुपारी कामावर जाते, म्हणून मौनही दुपारच्या पूजेपर्यंत लांबतं. फॉस्फरसची बरणी उघडली की लसणासारखा वास येतो, त्यावरून सर मला चिडवतात.

"काय ताई, घरी लसणाला बंदी आणि इथे लसणाच्या देवाची सेवा?"

"सांभाळते, सर. खात थोडीच आहे?" मी म्हणते.

उन्हाळ्याची सुटी लागली होती. पूजेच्या तयारीत होते, तेवढ्यात फोन वाजला. झाडलोटीला नवीनच लागलेल्या मावशी होत्या.

"ताई, तुमचं मौन आहे, ठाऊक आहे मला. नुसतं ऐका. सरांकडून किल्ली घेतली आणि कोठी अशी चकाचक केलीय, बघतच राहाल. आणि त्या मेणबत्त्यांच्या बरणीत शिळं पाणी होतं हो! कधीचं कोण जाणे. ओतून टाकलं. झाकण उघडंच ठेवलंय, वाळू दे जरा. बाहेर नुसती भट्टी पेटलीय, म्हणून इथेच पाठ टेकते. या तुम्ही सावकाश."

मेणबत्त्या. फॉस्फरसच्या कांड्या दिसतात खऱ्या तशा, पिवळसर आणि मेणचट. मावशींनी घरी जे रोज केलं, तेच इथे केलं होतं. आदल्या दिवशीचं पाणी ओतून भांडं वाळत घातलं होतं. पण उन्हाळ्याच्या हवेत तो कोरडा पडला की काडी लावावी लागत नाही, आपला आपण पेटतो. आणि मावशी दार लोटून त्याच्या पायाशी निजणार होत्या.

"मावशी, बाहेर व्हा!" मी ओरडले.

इतक्या वर्षांचा मौनाचा नेम मोडला, पण पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं. पुन्हा लावला तर फोन नुसता वाजत राहिला. सरांचा बंद. ताम्हनात फुलं तशीच टाकून मी रस्त्यावर आले आणि मिळाली ती रिक्षा पकडली.

"जोरात घ्या हो, जोरात!"

"ताई, रिक्षा आहे ही, विमान नाही," रिक्षावाला म्हणाला. पण माझा चेहरा आरशात बघून त्याने पुढे एकही सिग्नल मानला नाही.

कॉलेजच्या लांब बोळात धूर नव्हता. जळका वासही नव्हता. ऊन इतकं होतं की भिंतीला हात लागला तर चटका बसत होता, पण कोठीच्या दाराची कडी मात्र गार लागली.

दार ढकललं. बोळातला उजेड आत पडला.

मावशी फळीखाली चटईवर निजल्या होत्या. छाती खालीवर होत होती. वर फळीवर बरणी होती. कांड्यांच्या वर चांगलं चार बोटं पाणी, आणि झाकण घट्ट बसवलेलं.

फरशीवर ओली पावलं होती. अनवाणी. नळापासून निघून फळीशी गेलेली. उजव्या पावलाची करंगळी कुठेच उमटलेली नव्हती. लहानपणी पाटा पडल्यापासून माझी करंगळी जमिनीला टेकत नाही.

परत येणारी पावलं नव्हती.

मी आत गेले. माझ्यामागे दार आपोआप मिटलं. खिडक्यांना काळा कागद लावलेला, त्यामुळे भरदुपारी आत डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख झाला.

"परत आलात का, ताई?" मावशींचा झोपाळू आवाज आला.

मी भिंत चाचपत आवाजाच्या दिशेने सरकले.

"मघाशी तुम्ही बरणी भरत होतात, तेव्हा विचारलं मी, माझं काही चुकलं का? तर नुसती मान हलवलीत, त्या मेणबत्त्यांच्या हिरवट उजेडात दिसलं मला. मौन म्हणून मीही पुढे बोलले नाही."

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

एवढं बोलले, तेवढ्यात मावशींचा चेहरा मला दिसला. फिकट हिरवट उजेडात, अगदी सुरकुत्यांसकट. मी बोलायची थांबले तसा तो विझला.

"आत्ताच की. मी कूस बदलली, एवढंच."

मी बरणीकडे बघितलं. पाण्याखाली स्फुरद उजळत नाही. तिथे काळोखच होता. उजेड थंड होता, त्याला ऊब नव्हती, आणि देवघरातल्या समईच्या ज्योतीइतकाच तो सुंदर होता.

"मावशी, उठा," मी हळूच म्हणाले. "घरी जाऊ."

पुन्हा त्यांचा चेहरा उजळला. मावशी माझ्या ओठांकडे बघत होत्या.