यादीतून पुसलेले अकरा आज्जे

“एका नावाला एकदाच पाणी, आज्जा. तुमच्या नावाचं काल सुटलंय,” पाणी सोडणारा धुळा वही मिटत म्हणाला.

“ते माझ्या नातवाचं रं. तो पलटणीत हाय, त्याचं रान येगळं, माझं येगळं,” रामगोंडा आज्जा काकुळतीने म्हणाले. भर मे महिन्यात त्यांचा दोन एकर ऊस वाळायला लागला होता, आणि आजची पाळी चुकली तर पुढची थेट पंधरा दिवसांनी.

“यादीत रामगोंडा भरतेश पाटील एकच हाय.”

“म्हाताऱ्याला दोनदा पाणी पायजे,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सांगलीहून काकांकडे पलूसला सुट्टीला आलेली ब्राह्मीही हसली. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच हसू.

तिचा चुलतभाऊ सिद्धू मात्र हसला नाही. “सकाळपास्नं तिघं परत गेले, आणि तिघंबी म्हातारे. कायतरी गोम हाय गड्या.”

दोघांनी सायकली काढल्या आणि वस्त्या पालथ्या घातल्या. दुपारपर्यंत अकरा नावं सापडली. अकराही आज्जे, आणि प्रत्येकाच्या घरात त्याच्याच नावाचा एक कर्ता नातू! आज्ज्याचं नाव नातवाला ठेवायची इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्यामुळे बापाच्या नावासकट दोघांचं पूर्ण नाव एकच.

“मग यादीत दोनदा यायला पायजे. एकदाच कसं आलं?” सिद्धू म्हणाला.

ते पाणी संस्थेच्या कचेरीत गेले. सिद्धूचे वडील, म्हणजे ब्राह्मीचे काका, संस्थेचे सचिव. यादी सांभाळायला त्यांनी संगणकात एआय मदतनीस घेतला होता. आपण काय काय केलं ते तो टिपून ठेवायचा. सिद्धूने ते टिपण उघडलं. ‘दुबार नावे अकरा. पुसून टाकली.’

ब्राह्मीला सगळं आठवलं. गेल्या आठवड्यात काकांनी आपला पासवर्ड तिच्या हाती दिला होता. “तू शहरातली हुशार, तेवढी यादी नीट कर,” म्हणून. दोनदा आलेली नावं काढ, असं तिने मदतनिसाला सांगितलं. तो बिचारा प्रत्येक नावाला विचारत होता, ‘पुसू का?’ तिसऱ्या नावाला ती कंटाळली, ‘पुन्हा विचारू नको’ हे बटण दाबलं आणि आंबे खायला पळाली.

“ह्याला पुसायची मोकळीक दिली कुणी?” सिद्धूने विचारलं. ब्राह्मी पडद्याकडेच बघत राहिली. पासवर्ड काकांचा होता, आळ त्यांच्यावरच गेला असता. आपण असा विचार करतोय याचीच तिला किळस आली, तरी तोंड उघडेना.

टिपण बघताच काका हातची कामं टाकून पाण्याच्या पाटावर धावले. ऊन कलायच्या आत धुळ्याने रामगोंडा आज्ज्यांच्या उसाला पाणी सोडलं. उरलेल्या दहा जणांच्या पाळ्या रात्रीतून लावायच्या ठरल्या. जमलेल्या लोकांसमोर काकांनी पोरांच्या पाठी थोपटल्या. “पोरांनी संस्थेची अब्रू राखली. ही ब्राह्मी तर लय हुशार...”

“काका, थांबा.” तिचे कान तापले होते. “नावं माझ्यामुळं गेली. न वाचताच पुसू दिली मी. आणि सकाळी आज्ज्यांना मी हसले.”

मग काकांचीच मान खाली गेली. “पासवर्ड मीच दिला. यादी फिरून बघितली न्हाई. चूक माझीबी हाय.”

“मदतनिसाकडं पुसायचं बटणच नको,” ब्राह्मी रडत म्हणाली. “त्यानं नुसतं दाखवावं. दोन माणसांनी वाचून सही केली, तरच नाव निघावं.”

“शाणी हाय पोरगी,” धुळा म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

रामगोंडा आज्जा पाण्यातून चिखलाचे पाय ओढत बांधावर आले. “त्यातली एक सही माझी. मला आता घाई कसली? एकेक नाव वाचीन.”

“आणि दुसरी?” काकांनी विचारलं.

“सुट्टी हाय तवर हिची,” आज्जा म्हणाले आणि त्यांनी ब्राह्मीच्या डोक्यावर हात ठेवला. सगळे शाबास म्हणत होते, पण तिला मान वर करून आज्ज्यांकडे बघवलं नाही.