दारातली ओली चटई

दारातली चटई ओली होते म्हणून बोलावलंत ना? पाइपाचं बघितलं मी, पोरांनो. त्याचं नंतर सांगतो. आधी तो दिवा बारीक करा, डोळ्यांत खुपतोय, आणि बसा दोघंही. नको, प्यायला काही नको. आपल्या मॉर्मन पंथात आलो तेव्हा कॉफी सोडली, त्याला एकतीस वर्षं झाली, अजून वास आला की जीव तुटतो. आणि तुमच्याकडे असतो काय, तर बेरीचा रस. ठेवा, ठेवा.

तुमच्याआधी इथे दोघं राहायचे, त्यांच्यातल्या एकाने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलेली हकिगत आहे. लॉफग्रीन त्याचं नाव. आयडाहोचा, बटाट्याच्या शेतातला पोरगा. एकोणीस वर्षांचा, अंगाने काडी. तुमच्यासारखाच दोन वर्षं धर्मप्रचाराला आलेला, छातीवर नावाची काळी पट्टी. आणि सोबती फिफिता, टोंगा बेटावरचा. हा असा धिप्पाड! पायाला एकोणपन्नास नंबरचा बूट. फिनलंडच्या या उत्तर टोकाला, अख्ख्या रोव्हानिएमीत मिळेना, शेवटी हेलसिंकीहून मागवला. जन्मात बर्फ पाहिला नव्हता बिचाऱ्याने. पहिल्याच दिवशी मला विचारतो, "ताउनोकाका, हे बंद कधी होतं?" मी म्हटलं, "मे महिन्यात." तोंड बघायला हवं होतं त्याचं.

फिफिता नियमाचा पक्का. सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम ना तुमचा? हा गडी कोपऱ्यावर दूध आणायलाही मागोमाग. लॉफग्रीन वैतागायचा, "अरे बाबा, मी काय पळून जातोय?" त्यावर हा म्हणायचा, "एकट्याला जाऊ देणार नाही. बस्स."

आता खरं सांगायचं तर लॉफग्रीनला पळूनच जायचं होतं. अकरा महिने झाले होते. दार वाजवायचं, "नको, आभारी आहे" ऐकायचं, पुढचं दार. आमची माणसं शिवी देत नाहीत, पण आत या असंही म्हणत नाहीत. तुम्हाला मी काय सांगणार. त्यातच डिसेंबरात त्याचे आजोबा गेले. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला, तोही मध्येच अडकला. तिथून पोरगं आतल्या आत मिटलं. फिफिताजवळ अक्षर काढलं नाही. हाताच्या अंतरावर माणूस झोपलेला आणि तरी हा एकटा. एकटेपणाच्या सगळ्या तऱ्हांमध्ये ही वाईट.

तारीख सतरा जानेवारी, दोन हजार एकोणीस. गुरुवार. संध्याकाळचे पाच, म्हणजे अंधार पडून दोन तास उलटलेले. बाहेर उणे सत्तावीस. फिफिता दोन दिवस तापाने फणफणत होता. साधा फ्लू आहे म्हणे, पण उठून बसवत नव्हतं. लॉफग्रीनने कोट चढवला. "तापाच्या गोळ्या आणतो. वीस मिनिटांत आलो."

"थांब, मी पण येतो." फिफिताने पाय खाली सोडले, बुटांकडे हात नेला आणि तिथेच आडवा झाला. "एकटा नको जाऊस रे..."

"गप झोप."

औषधाचं दुकान डावीकडे. स्टेशन उजवीकडे. लॉफग्रीनच्या आतल्या खिशात पासपोर्ट होता आणि हेलसिंकीच्या गाडीचं तिकीट. गाडीत बसलो की ताउनोकाकाला फोन करू, तो बघेल फिफिताचं, असा हिशेब. बघा, माझ्यावर सोडून निघाला होता लबाड! पण आधी गोळ्या घेतल्या त्याने. तेवढी लाज शिल्लक होती.

दुकानातली बाई पुडी बांधता बांधता म्हणाली, "मित्राला आत बोलवा की. गारठेल बाहेर."

"कुठला मित्र?"

"तो काय, काचेशी उभा आहे. मोठा. डोक्यावर टोपीसुद्धा नाही."

त्याने पाहिलं. काच, काचेवर दव गोठलेलं, बाकी काही नाही. मॉर्मन पोरं जोडीने फिरतात हे गावाला पाठ आहे. बाईला सवयीने भास झाला असेल, अशी त्याने मनाची समजूत काढली. बाहेर आला आणि उजवीकडे वळला.

नदीकाठचा रस्ता. चिटपाखरू नाही. एवढ्या थंडीत बर्फ पायाखाली कसा वाजतो, ठाऊक आहे तुम्हाला. करकर. करकर. आणि मागून...

जड. सावकाश. करकर.

हा थांबला. तेही थांबलं.

वळून पाहिलं. दिव्यांखाली रस्ता मोकळा. बारीक बर्फ भुरभुरत होता, आणि त्यात पावलांची एकच रांग. त्याची स्वतःची.

मग तो जो पळत सुटला तो थेट फलाटावर. गाडी लागलेली. डब्याच्या दारात तिकीट तपासणारा उभा.

"चला, चढा लवकर. दोघंही."

"मी एकटा आहे."

तपासनिसाने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग याला काय सांगू?"

"कोणाला?"

"पायजम्यावरच आलाय हो. नाड्या सुटलेल्या बुटांच्या..." त्याचा आवाज खाली गेला. "अहो, तुम्हाला हाका मारतोय तो."

लॉफग्रीनने मागे पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही. पण मानेवर ऊन वाफ लागली. उणे सत्तावीसात. तापातल्या माणसाचा श्वास लागतो, तशी...

गाडी गेली. हा गेला नाही.

परत पळाला. सगळ्या रस्त्याने कान मागे. पावलं वाजली नाहीत. मला म्हणाला, "काका, ती वाजली तेव्हा घाबरलो होतो. वाजेनाशी झाली तेव्हा मात्र मेलोच."

फिफिता याच खाटेवर होता, हा सोडून गेला होता तसाच. ओठ निळे, छातीत घरघर. लॉफग्रीनने रुग्णवाहिकेला फोन केला, मग मला. मी पोचलो तेव्हा चौघं जण त्याला जिन्यावरून उतरवत होते. पायांत लोकरीचे मोजे. मी हात लावून पाहिला. खडखडीत कोरडे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुफ्फुसं भरलीत, तास गेला असता तर हातचा गेला होता. आणि चालायचं म्हणाल, तर हा माणूस दोन दिवस उभासुद्धा राहू शकला नसेल.

मी वर आलो. दारात ते बूट पडलेले. ते मी माझ्या या हातांनी उचललेत. नाड्या सुटलेल्या, आणि घोट्यापर्यंत आत... बर्फ. ताजा. ठासून भरलेला.

नवव्या दिवशी फिफिताने डोळे उघडले. लॉफग्रीन उशाशीच होता, हललाच नव्हता. फिफिताने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "किती भराभर चालतोस रे तू."

लॉफग्रीन ढसाढसा रडला. आजोबांचं, घरचं, सगळं त्या दिवशी बोलला. दोघांनी दोन वर्षं पुरी केली. फिफिताला आता दोन मुलं आहेत, नाताळला फोटो येतो. बूटही तो घेऊन गेला टोंगाला, घालतो कुठे देव जाणे.

आता तुमच्या चटईचं. ही तिसरी चटई, मीच घातलेली. एरवी कोरडी ठणठणीत असते. वर्षा-दोन वर्षांत एखाद्या आठवड्यात ओली होते, मग पोरं मला पाइप बघायला बोलावतात. उचलून बघा, खाली फरशीवर दोन डाग आहेत. हे एवढे. आहे तुमच्यात कुणाचा एवढा पाय?

चाळीस वर्षं नळकाम केलं मी. त्या भिंतीत पाइप नाहीच.

तेव्हा पाइप राहू दे. मी एवढंच विचारायला बसलोय. एकमेकांकडे बघू नका, माझ्याकडे बघा...

पासपोर्ट कुणाच्या खिशात आहे?