शकूचा पदर

मोबाईलचा उजेड बंद कर रे आधी. तुम्ही पोरं पिक्चर थांबवून थांबवून बघता ना, मागे कोण उभं होतं, भिंतीवर काय लिहिलं होतं? आमच्या पंडितने एकदा असंच बघितलं. पंधरा वर्षं लूमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या मशीनवर होता, थापा मारणारा माणूस नव्हे.

गेल्या वर्षीची पौषातली अमावस्या. बुधवार, रात्रीचे साडेनऊ. दुसऱ्या दिवशी त्याच्या शकूचं वर्षश्राद्ध, आणि भिंतीवर लावायला बाईचा एक धड फोटो नाही! मोबाईल समोर धरला की तोंड फिरवायची. लेक हर्षदा कामरेजहून येणार होती. "बाबा, डोळे मिटले तरी आईचा चेहरा समोर येत नाही हो," असं फोनवर रडली होती. म्हणून पंडित तिच्याच लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन उधन्याला हितेशच्या स्टुडिओत गेला, वरच्या मजल्यावर.

हितेशने तीन तासांचं शूटिंग पुढे-मागे केलं. शकू सगळीकडे होती. हळदीला, मांडवात, पंगतीत वाढताना. पण दरवेळी पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"काका, काकीनुं मोढुं तो क्यांय नथी," हितेश त्याच्या गुजरातीत म्हणाला. काकीचं तोंडच कुठे नाही.

मग पंडितने शकूऐवजी आजूबाजूला बघायला सुरुवात केली. आणि त्याला दिसलं. दरवेळी जमिनीवर, कॅमेऱ्याच्या बाजूने, एक सावली पडलेली. खुर्चीतला म्हातारा, हातात काठी. त्याचा मोठा भाऊ, धुडकूआप्पा! आप्पांचा मान म्हणून ती खुर्ची, जिथे शूटिंग तिथे, कॅमेऱ्याशेजारी पंडितनेच टाकायला लावली होती. आता जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, शकू पदर कसा सरकवणार? लेकीचं लग्न बाईने दिवसभर पदराआडून बघितलं, आणि ह्या गड्याच्या ते सहा वर्षं ध्यानातही आलं नाही. फार वाईट वाटलं हो त्याला.

हितेश चहा आणायला खाली उतरला. पडद्यावर पाठवणी थांबवलेली. हर्षदा गाडीत, दाराशी शकू. आप्पांना जाऊनही दोन वर्षं झाली होती. पंडित पडद्याशीच बोलायला लागला, घरच्या अहिराणीत.

"शके... मोठा भाऊ नही शेतस वं आते. पदर काढ ना."

काही नाही. नुसती मशीनची घरघर...

मग चित्र हललं.

हितेश तर खाली होता.

शकूने मान वळवली. आधी सावलीकडे. सावली... नव्हती.

हात वर आला.

पदर मागे गेला.

पंडित ओरडला नाही. बघत राहिला. ती पण...

हितेश आला तेव्हा चित्र थांबलेलं होतं, चेहरा समोर. "अरे काका, आ क्यांथी मळ्युं?" हे कुठून मिळालं, म्हणून विचारायला लागला. पंडितने छापायची खूण केली. पोराने फोटो छापून, काचेच्या फ्रेमीत घालून दिला. पंडितला त्यात फक्त तिचे डोळे दिसत होते, तेही पाण्यातून.

सकाळी हर्षदाने फोटो छातीशी धरला. पोटभर रडली. मग पदराने काच पुसता पुसता तिचा हात थांबला.

"बाबा... माझ्या लग्नात आईने टिकली लावली होती ना?"

पंडित जवळ गेला. फोटोतल्या शकूच्या कपाळभर कुंकवाचा मळवट होता. तिरडीवर ठेवल्यावर त्याने स्वतःच्या हाताने भरलेला.